गोन्सालोच्या वाटेने

जपानी भाषेत पावाला 'पान' म्हणतात. हा शब्द जपान्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला. आपण मराठी माणसांनी 'पाव' हा शब्द घेतला तोही त्यांच्याकडूनच. सोळाव्या शतकात एकाच राष्ट्राची गलबते वसईच्या खाडीत शिरत होती आणि नागासाकीच्या बंदरालाही लागत होती. त्या गलबतांवर व्यापारी होते, शिपाई होते, धर्मगुरू होते आणि भट्टीत पीठ भाजणारे आचारीही होते. ते परतले, त्यांचे किल्ले पडले. परंतु त्यांचा पाव मात्र दोन्ही किनाऱ्यांवर मागे राहिला. एखाद्या दूरदेशाशी आपले नाते शोधायचे असेल तर प्रथम त्याच्या स्वयंपाकघरात डोकवावे, हे आम्हांस या प्रवासात उमगले.

आम्ही पाच मित्रमैत्रिणी. सारेच वसईचे, सारेच साठीच्या आसपासचे. जपान पाहावा, तेथील प्राचीन मंदिरे, बागा, किल्ले पाहावेत आणि पोटभर मासे खावेत, एवढाच आमचा संकल्प होता. विमानाची तिकिटे स्वस्त मिळतात म्हणून आम्ही जानेवारीची अखेर निवडली. क्योतो, ओसाका, हिरोशिमा आणि नागासाकी अशी चार शहरे ठरली. आमच्यातील एक बाई निवृत्त इतिहासशिक्षिका. तिने नकाशावर बोट फिरवले आणि शांतपणे म्हणाली, "अरे, ही तर आपल्या गोन्सालोची वाट आहे. आणि दिवसही तेच!"

संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आपल्या धर्मग्रामांत कोणाला ठाऊक नाही? सोळाव्या शतकाच्या मध्यास वसईत त्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. वसईच्या किल्ल्यात जेजुइट धर्मगुरूंच्या छायेत ते शिकले आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की पुढे तीच त्यांची खरी मिळकत ठरली. काही काळ त्यांनी व्यापार केला. मग मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश केला. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला आले. जपानचा त्या वेळचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यापुढे फ्रान्सिस्कनांचे म्हणणे मांडणारा आवाज हा वसईच्या मुलाचा होता. हे सारे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. परंतु प्रवचनात ऐकलेले गाव आणि पायांखाली आलेले गाव यांत फार अंतर असते.

क्योतोत पहिले दोन दिवस आम्ही सामान्य प्रवासी होतो. कियोमिझु मंदिराचा तो भव्य लाकडी सज्जा डोंगराच्या उतारावर सुमारे १३ मीटर उंच खांबांवर उभा आहे. त्या खांबांच्या जोडणीत खिळा वापरलेला नाही, हे ऐकून आमच्यातील बांधकामाचा ठेकेदार मित्र खाली वाकून अर्धा तास सांधेच न्याहाळत राहिला. सोन्याचा मुलामा दिलेले किन्काकुजी तळ्यात आपलेच प्रतिबिंब पाहत उभे होते. ते १९५० साली आगीत भस्मसात झाले आणि १९५५ साली पुन्हा जसेच्या तसे उभारले गेले. निशिकी बाजाराच्या अरुंद गल्लीत शिरलो तेव्हा मात्र आम्हांला घरी आल्यासारखे वाटले. खारवलेल्या भाज्या, समुद्री शेवाळ, आणि टोपल्या टोपल्यांतून वाळवलेली बारीक मासळी! सुकटीच्या वासावर वाढलेल्या आमच्या नाकांना कोणी वाट दाखवावी लागली नाही. रात्री थंडीत कुडकुडत आम्ही युदोफू खाल्ले. सोयाबीनच्या दुधाचे मऊ पनीर गरम पाण्यात तरंगत येते, ते काढून सोयाच्या रसात बुडवायचे, एवढाच पदार्थ. चव इतकी हलकी की आमच्या मसालेदार जिभा पहिल्यांदा गोंधळल्या; तिसऱ्या घासाला सावरल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही होरिकावा ओढ्यावरचा एक लहानसा पूल शोधत निघालो. त्याचे नाव इचिजो मोदोरीबाशी, म्हणजे 'परतीचा पूल'. आजचा पूल नवा आहे, साधा आहे, आणि त्यावरून सायकली जातात. १५९१ साली चहाविधीचा थोर गुरू सेन नो रिक्यू याला हिदेयोशीने आत्महत्येची आज्ञा केली आणि त्याचे मस्तक याच ठिकाणी लोकांपुढे मांडले. आदल्याच दिवशी आम्ही त्या रिक्यूच्या परंपरेतील हिरवा चहा मोठ्या कौतुकाने प्यायलो होतो. त्यानंतर सहा वर्षांनी, १५९७ च्या जानेवारीत, याच जागी चोवीस ख्रिस्ती बंदिवानांच्या डाव्या कानाचे टोक कापण्यात आले. त्यांत गोन्सालो होते. क्योतोत त्यांच्या संघाने चर्च उभारले होते आणि कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ चालवले होते. १५९६ साली 'सान फेलिपे' हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यावर फुटले, त्यातून संशयाचे वादळ उठले आणि हिदेयोशीची मर्जी फिरली. कान कापून त्यांना गाड्यांतून शहरभर फिरवण्यात आले. मग ओसाका, मग साकाई, आणि तेथून पश्चिमेकडे नागासाकीपर्यंत, भर थंडीत, जवळजवळ महिनाभराची वाटचाल. वाटेवरच्या गावांना धाक बसावा, हा त्यामागचा हेतू होता.

पुलावर आम्ही फार वेळ थांबलो नाही. हातमोज्यांतही बोटे गारठत होती. आमच्यापैकी एकाने नकळत आपला डावा कान हाताने झाकला.

ओसाकात पोहोचलो तेव्हा पोटे रिकामी होती आणि शहर जणू तेच ओळखून वागते. दोतोम्बोरीच्या कालव्याकाठी ताकोयाकीच्या गाड्या लागलेल्या असतात. आपल्या आप्पेपात्रासारख्या खोलगट साच्यात पीठ ओतायचे, आत अष्टपाद माकलीचा तुकडा घालायचा आणि सळईने गरगर फिरवून गोळे करायचे. टेम्पुराही खाल्ला. पिठात बुडवून तळलेली कोलंबी आणि भाज्या, म्हणजे आपली भजीच. परंतु अशी कोरडी आणि कुरकुरीत की कागदावर तेलाचा डाग नाही. हा शब्दही पोर्तुगिजांचाच ठेवा, आणि तो वर्षातून चार वेळा येणाऱ्या उपवासाच्या दिवसांच्या लॅटिन नावावरून आला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. त्या दिवशी मांस वर्ज्य, म्हणून मासे आणि भाज्या तळून खात. आपल्या पूर्वजांच्या उपवासातून जगाला एक चमचमीत पदार्थ मिळाला, हे कळल्यावर आमच्या ठेकेदार मित्राने पुण्यकर्म म्हणून आणखी एक ताट मागवले!

ओसाकाचा किल्ला हिदेयोशीने १५८३ साली बांधावयास घेतला. आज दिसणारा उंच बुरूज १९३१ सालचा, काँक्रीटचा आहे. खंदक आणि प्रचंड शिळांचे तट मात्र जुने आहेत. त्या शिळा पाहताना आम्हांला ताकायामा उकोन आठवले. ते ख्रिस्ती सरदार होते. १५८७ साली हिदेयोशीने धर्म सोडण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी धर्म ठेवला आणि जहागीर सोडली. पुढे हद्दपार होऊन १६१५ साली मनिला येथे त्यांचे देहावसान झाले. २०१७ साली याच ओसाका शहरात पवित्र सभेने त्यांना धन्यवादित घोषित केले. किल्ला बांधणाऱ्याचा वंश पुढच्याच पिढीत, १६१५ सालीच, याच किल्ल्यात संपला.

ओसाकाहून हिरोशिमाला जाताना आम्ही मुद्दाम सावकाश धावणारी, प्रत्येक स्थानकावर थांबणारी शिन्कान्सेन पकडली. वाटेत मिहारा लागते. तेथील रेल्वे स्थानक जुन्या किल्ल्याच्या आवारातच बांधलेले आहे. स्थानकातून पायऱ्या चढून थेट किल्ल्याच्या जोत्यावर जाता येते. बंदिवानांचा तांडा या किल्ल्यात एक रात्र मुक्कामाला होता. त्यात तोमास कोझाकी नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता आणि त्याचा पिता मिगेलही होता. रात्री मुलाने आईला पत्र लिहिले. आमची काळजी करू नकोस, धाकट्या दोघा भावांना सांभाळ, अशा आशयाचे ते पत्र होते. ते पोचवायला कोणीच मिळाले नाही. पुढे पित्याच्या रक्ताने माखलेल्या वस्त्रात ते सापडले. जोत्यावर तेव्हा शाळकरी मुले डबे उघडून बसली होती, आणि खालून गाड्या वाऱ्यासारख्या जात होत्या.

हिरोशिमाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथे आम्ही थोडेच बोललो. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता पडलेल्या एका बॉम्बने त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे गेली. सांगाडा उरलेला तो घुमट नदीकाठी तसाच ठेवला आहे. संध्याकाळी एका अरुंद दुकानात लोखंडी तव्यापुढे बसून आम्ही ओकोनोमियाकी खाल्ले. कोबी, शेवया, अंडे असे थर रचून केलेले हे धिरडे युद्धानंतरच्या टंचाईत गरिबाचे पोटभर अन्न म्हणून या शहरात रुजले. म्हातारी दुकानदारीण उलथन्याने एकेक थर दाबीत होती. ज्या शहरात एके काळी काहीच उरले नव्हते, तेथे कोणी तरी प्रथम चूल पेटवली असेल. आम्ही ताटे स्वच्छ पुसून खाल्ली.

नागासाकी डोंगर आणि समुद्र यांच्या कुशीत वसलेले शहर आहे. स्थानकापासून चालत काही मिनिटांवर निशिझाका ही टेकडी. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी या टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. क्योतोहून चोवीस जण निघाले होते. वाटेत त्यांची सेवा करू पाहणारे दोघे पकडले गेले आणि सव्वीस झाले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेजुइट, सतरा जपानी प्रापंचिक. प्रत्येकाला भाल्यांनी भोसकण्यात आले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले आणि त्या घटनेच्या शताब्दीस, १९६२ साली, येथे शिल्पकार फुनाकोशी यांनी घडवलेले ब्राँझचे स्मारक उभारण्यात आले. सव्वीस मूर्ती एका ओळीत आहेत. त्यांचे तळपाय जमिनीवर टेकलेले नाहीत, अधांतरी खाली झुकलेले आहेत, जणू आताच वर उचलले गेले. त्या ओळीत तीन मूर्ती बुटक्या आहेत, ती मुले.

स्मारकामागच्या संग्रहालयात एक वृद्ध बाई होती. आमची भाषा तिला येईना, तिची आम्हांला. मोबाइलवरच्या भाषांतराच्या साहाय्याने आम्ही सांगितले की आम्ही भारतातून, वसईहून आलो आहोत. तिने क्षणभर विचार केला आणि बाहेर येऊन एका मूर्तीकडे हात केला. "गोन्सारो," ती म्हणाली. मग तिने विचारले, की त्यांच्या गावात आज मुलांना त्यांचे नाव ठेवतात का? आम्ही सांगितले, त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, चर्च आहे. आणि मुलांना ते नाव क्वचितच ठेवत असले तरी त्यावरून आलेले गोन्साल्विस हे आडनाव आमच्या आळीआळीत आहे. या आमच्या मित्राचेच आडनाव गोन्साल्विस! भाषांतर वाचून बाईने त्याच्यापुढे कमरेत वाकून नमस्कार केला. आमचा मित्र एरवी कोणालाही दोन शब्दांत गप्प करणारा; तो लाल होऊन उभा राहिला आणि मग तोही तसाच वाकला.

त्या रात्री चाम्पोनचे वाफाळलेले वाडगे पुढे घेऊन बसलो असता आमच्यात वाद झाला. संग्रहालयात आम्ही फुमिए पाहिले होते. लाकडी फळीत बसवलेली प्रभू येशूची अथवा पवित्र मरियेची धातूची प्रतिमा. १६१४ साली संपूर्ण जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, आणि पुढे नागासाकीत दरवर्षी घरोघरच्या माणसांना या प्रतिमांवर पाय देऊन आपण ख्रिस्ती नसल्याचे दाखवावे लागे. पायांच्या घर्षणाने चेहरे गुळगुळीत झाले आहेत. ज्यांनी नकार दिला ते मेले. पुष्कळांनी पाय दिला, घरी गेले, आणि गुडघे टेकून पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. तिला ते 'कोन्चिरिसान' म्हणत. पुन्हा एक पोर्तुगीज शब्द.

गोन्साल्विस म्हणाला, "मग त्या सव्वीस जणांनी कशाला प्राण दिले? त्यांनाही पाय टेकून घरी जाता आले असते." शिक्षिका म्हणाली, "सगळेच मेले असते, तर ती आठवण तरी कोणी ठेवली असती?" ठेकेदार मित्राने विचारले, की भ्याडपणालाही आपण आता श्रद्धा म्हणावयाचे काय? आमच्यातील चौथी, जी सहसा बोलत नाही, ती म्हणाली, "कडेवर मूल घेऊन त्या रांगेत उभी राहिलेली आई मला दिसते. तिला भ्याड म्हणायला माझी जीभ वळत नाही." वाडगे थंड झाले. निर्णय लागला नाही, आणि तो आमच्यासारख्या सुखवस्तू प्रवाशांनी लावावयाचाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी ओउरा चर्चच्या पायऱ्या चढताना तोच वाद मनात होता. १६४४ साली जपानातील शेवटचा धर्मगुरू मारला गेला. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे येथे ना मिस्साबलिदान झाले, ना कुमसार. तरीही उराकामीच्या खेड्यात धर्म चालू राहिला. एक माणूस सणावारांचे पंचांग सांभाळी, एक बालकांना बाप्तिस्मा देई, एक घरोघर निरोप पोचवी. करुणेची देवता कान्नोन हिच्या मूर्तीत त्यांनी मरियामाता पाहिली. प्रार्थनांना ते 'ओराशो' म्हणत. लॅटिन आणि पोर्तुगीज शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपताना झिजले, अर्थ हरवला, पण म्हणणे थांबले नाही. मग परदेशी रहिवाशांसाठी फ्रेंच धर्मगुरूंनी हे चर्च बांधले, आणि १७ मार्च १८६५ रोजी उराकामीचे दहापंधरा शेतकरी दाराशी आले. त्यांतील एका बाईने फादर पेतीजाँ यांच्या कानाशी हलकेच सांगितले, की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. आणि तिने विचारले, सांता मरियेची मूर्ती कोठे आहे? ती मूर्ती आजही तेथेच आहे.

हे चर्च सव्वीस रक्तसाक्षींना समर्पित आहे आणि त्याचे तोंड निशिझाका टेकडीकडे आहे. म्हणजे पाय देऊन जगलेल्यांचे वंशज दोन शतकांनी ज्या दारात आले, ते दार प्राण दिलेल्यांच्या नावाचे होते, आणि त्या नावांत एक नाव आपल्या वसईचे होते. शिक्षिका म्हणाली, "बघ, वाद आपणच घालतो. त्यांची तर भेट कधीच झाली."

त्यांची परीक्षा तेथे संपली नाही. उघडपणे ख्रिस्ती म्हणवू लागताच उराकामीच्या सुमारे ३,४०० लोकांना देशभर हद्दपार करण्यात आले. ६०० हून अधिक परतलेच नाहीत. १८७३ साली बंदी उठली. त्या हद्दपारीला उराकामीची माणसे 'ताबी' म्हणत, म्हणजे 'प्रवास'. परतल्यावर त्यांनी, ज्या वाड्यात फुमिएवर पाय द्यावा लागे, तीच जागा विकत घेऊन तेथे चर्च बांधले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी ११ वाजून २ मिनिटांनी त्या चर्चपासून सुमारे ५०० मीटरवर अणुबॉम्ब फुटला. आत कुमसार चालू होता. दोन धर्मगुरू आणि कुमसाराला आलेले सारे जागीच गेले. उराकामीच्या १२,००० कॅथलिकांपैकी सुमारे ८,५०० गेले. एक घंटा ढिगाऱ्यात शाबूत सापडली आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या संध्याकाळी वाजवली गेली. १९५९ साली चर्च पुन्हा उभे राहिले. फुटलेल्या दुसऱ्या घंटेच्या जागी अमेरिकेतील कॅथलिकांनी देणगीतून नवी घंटा पाठवली, आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी ऐंशी वर्षांनी दोन्ही घंटा एकत्र वाजल्या.

उराकामीहून उतरताना आम्ही कास्तेला घेतला. अंडी, साखर आणि मैदा यांचा हा लुसलुशीत केक पोर्तुगिजांनी नागासाकीला शिकवला. आपल्या नाताळच्या ताटात तो सहज खपून जाईल. घरी नेण्यासाठी घेतलेली पेटी आमच्यातील चौथीने हॉटेलवरच उघडली. तिचा नातू मेलबर्नला असतो. त्याला मराठी येत नाही. फोनवर तो आजीला विचारतो, तू रात्री काय पुटपुटतेस? आजवर ती हसून विषय बदलत असे. "आता सांगणार आहे," ती म्हणाली. "त्याला अर्थ कळला नाही तरी चालेल. शब्द तर कानावर पडू देत." आपल्या गावांत संध्याकाळी घराघरांतून ऐकू येणारी रोझरी आता किती घरांत म्हटली जाते, याचा हिशेब आम्ही तेथे मनातल्या मनात करून पाहिला, आणि तो मोठ्याने कोणीच सांगितला नाही.

निघण्याच्या दिवशी पहाटे आम्ही उराकामीच्या मिस्साबलिदानाला गेलो. बाहेर अंधार होता. पांढरे पदर घेतलेल्या स्त्रिया एकेक करून येत होत्या आणि शब्दही न बोलता आपापल्या जागी गुडघे टेकत होत्या. भाषा आम्हांला कळत नव्हती. पण कोठे उभे राहावयाचे, कोठे बसावयाचे, हे ठाऊक होते. आमच्या पुढच्या बाकावर एक आजी आणि तिचा चारपाच वर्षांचा नातू होता. झोपेने त्याचे डोळे मिटत होते. आजीने त्याचा उजवा हात आपल्या हातात धरला, त्याच्या कपाळाला लावला, मग छातीला, मग एका खांद्याला, मग दुसऱ्या खांद्याला.